खानझोडे साहेबांची पेन्सिल

खानझोडे साहेबांकडे चहा प्यायचा तर आधी खोकं उघडावं लागायचं. कपबशा सहा नंबरच्या खोक्यात, साखर नऊमध्ये आणि गाळणं कुठं आहे हे खुद्द साहेबांनाही ठाऊक नाही, त्यामुळे चहा रुमालातून गाळला जाई. पिऊन झाला की कपबशा धुऊन, पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून परत सहा नंबरमध्ये जात आणि वरून साहेब तपकिरी चिकटपट्टी मारत. मी एकदा म्हटलं, "अहो, उद्या परत चहा लागणारच आहे ना?"

"अन् उद्याच ऑर्डर आली तर मॅडम? मग काय मी कपबशा बांधत बसू?"

दीड वर्ष हे असं चाललं होतं.

चंदीगडच्या आमच्या केंद्र सरकारी कार्यालयात ते संगणक शाखेचे अधिकारी आणि मी त्यांची सहायक. ते वर्ध्याचे, मी नाशिकची. अख्ख्या इमारतीत मराठी बोलणारे आम्ही दोघंच. त्यातही त्यांचं "करून राहिलो" आणि माझं "करतेय" यांची दिलजमाई व्हायला दोन महिने लागले. माझा नवरा नोकरीमुळे पुण्यात, मी बदलीवर इथे, आणि मीरा, आमची मुलगी, माझ्याबरोबर. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीतून यायचं. साहेबांच्या घरून परतताना तिनं एकदा विचारलं होतं, "मम्मा, अंकल के घर सब कुछ डिब्बों में क्यों है?" मी तिला काहीतरी थातुरमातुर सांगितलं. खरं उत्तर बरंच लांबलचक आहे. तेच आता सांगायला बसले आहे.

साहेब उंच, किडकिडीत, एप्रिल उजाडला तरी अर्ध्या बाह्यांचा स्वेटर न काढणारे. उजव्या कानावर पेन्सिल. ती दोन्ही टोकांनी तासलेली असायची, आणि तासायची ती अर्ध्या ब्लेडनंच. शार्पनर म्हणजे आळशी माणसाचं हत्यार असं त्यांचं मत. रजेचा अर्ज असो, साध्या किराणा मालाची यादी असो, पहिला मसुदा पेन्सिलीनं. मग तो दोनदा वाचायचा, मान हलवायची आणि नंतर पेन हातात घ्यायचं. "माणूस चुकते, मॅडम," ते म्हणत. "पेनाले ते समजत नाही."

दुसरी खोड वाचण्याची. वाचल्याशिवाय सही करायची नाही. गॅस सिलिंडर देणारा सरदारजी दारात उभा, खांद्यावर सिलिंडर, आणि साहेब पावतीच्या मागच्या बाजूच्या सुरक्षेच्या सूचना वाचताहेत, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. "ओ जी, साइन ही तो करना है!" तो कळवळून म्हणाला. साहेबांनी मान वर न करता सांगितलं, "हौ, म्हणूनच वाचून राहिलो." त्या बिचाऱ्याला काय कळलं देव जाणे, पण त्यानं सिलिंडर खाली ठेवला आणि शांतपणे भिंतीला टेकला.

अशा माणसानं एकदा, एकदाच, जी सही केली तिच्यापायी तो अडकला.

झालं असं की, लोकांच्या अर्जांसाठी कार्यालयाला नवी संगणक प्रणाली घ्यायची होती. माणसानं अर्ज टाकला की तो आज कोणाच्या टेबलावर अडकलाय हे त्याला घरबसल्या दिसावं, असा मोठा उदात्त हेतू. निविदा निघाल्या, कंपन्या आल्या, आणि त्यांना गुण द्यायला चौघांची समिती बसली. अध्यक्ष डायरेक्टर साहेब, दोन जण इतर शाखांचे, चौथे खानझोडे साहेब. माझं काम गुणपत्रकं वाटायचं आणि गोळा करायचं.

इथे आमच्याकडची एक पद्धत सांगायला हवी. नियम असा, की प्रत्येक सदस्यानं आपापले गुण स्वतंत्रपणे द्यायचे. पण चौघांच्या गुणांत फार फरक दिसला तर पुढे ऑडिटवाले खोदून खोदून विचारतात. त्यामुळे आधी सगळे पेन्सिलीनं लिहीत. मग चहा-समोसे येत, आणि डायरेक्टर साहेब खुर्चीत मागे रेलून म्हणत, "चलो जी, लेव्हल कर लें." ते आपले आकडे वाचून दाखवत. बाकीचे आपले खोडत आणि पेनानं तेच आकडे लिहून सही करत. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. फाईल स्वच्छ राहते, आणखी काय पाहिजे?

त्या दिवशी प्रात्यक्षिक दाखवायला दोन कंपन्या उरल्या होत्या. एक दिल्लीची बडी कंपनी, टाय लावलेली सहा माणसं. दुसरी मोहालीची छोटीशी, आणि तिची मालकीण गुरलीन कौर स्वतः लॅपटॉप घेऊन आलेली. तिशीची असेल. ओढणी मागे गाठ मारून घट्ट बांधली होती, भांडायला आल्यासारखी. दिल्लीवाल्यांचं रंगीबेरंगी प्रात्यक्षिक ऐन भरात असताना खानझोडे साहेब उठले, टेबलाखाली वाकले आणि त्यांनी नेटवर्कची तार ओढून काढली. पडद्यावर चाक गरगरत राहिलं. टायवाला म्हणाला, "सर, लाइव्ह में ऐसा नहीं होगा." साहेब म्हणाले, "हमारे तहसील ऑफिस में रोज होता है जी."

मग गुरलीनची पाळी. साहेबांनी पुन्हा तार ओढली. ती थांबलीच नाही. अर्ज घेत राहिली, पावत्या देत राहिली, आणि पाच मिनिटांनी साहेबांनी तार परत लावली तेव्हा सगळे अर्ज एकामागून एक आपोआप वर चढले. साहेबांचा चेहरा असा उजळला होता की मला हसू आलं. त्यांनी वीसपैकी तिला अठरा दिले आणि दिल्लीला नऊ. माझी खुर्ची शेजारीच होती, मला दिसलं.

मग समोसे आले. "लेव्हल" झालं. दिल्लीला पंधरा, मोहालीला साडेबारा. बाकीच्या दोघांनी आकडे खोडले. खोडरबर माझा होता, मीराच्या कंपासपेटीतला, स्ट्रॉबेरीच्या वासाचा. खानझोडे साहेबांनी तो घेतला नाही. "खाडाखोड केलेल्या कागदावर मी सही नाही करत," म्हणाले, आणि माझ्याकडून कोरं गुणपत्रक मागून घेतलं. त्यावर पेनानं पंधरा आणि साडेबारा लिहिलं. वाचलं. सही केली. पेन्सिलीचा कागद चार घड्या घालून शर्टाच्या खिशात टाकला, कारण पाठकोरा कागद ते कधी फेकत नसत.

त्या दिवशी कुणाला काही वाटलं नाही. मला नाही आणि साहेबांनाही नाही, हे आधीच सांगून टाकते. समोसे चांगले होते.

दोन महिन्यांनी त्यांची बदली आली. नागपूर! पाच वर्षं अर्ज करकरून आलेली बदली. नागपूरहून वर्धा हाकेच्या अंतरावर, आणि वर्ध्याला त्यांची लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी यायची होती. ऑर्डर त्यांनी मला वाचून दाखवली. मग उलट बाजूही पाहिली. तिथे काही नव्हतं. वहिनी, म्हणजे साहेबांच्या पत्नी, म्हणाल्या, "मी होते पुढं, तुम्ही पंधरा दिवसांनी सामान घेऊन या," आणि त्या गेल्या. साहेबांनी घरातलं सामान बांधायला घेतलं. चौदा खोकी झाली. प्रत्येकावर नंबर, आणि कुठल्या नंबरात काय याची यादी एका पाठकोऱ्या कागदावर. एक नंबरच्या खोक्यावर त्यांनी ठळक लिहिलं होतं, "आधी उघडणे." त्यात येणाऱ्या बाळासाठी घेतलेली लोकरीची टोपी, मोजे आणि स्वेटर होता.

"वर्ध्याच्या उन्हाळ्यात लोकरीची टोपी?" मी चिडवलं.

"थंडी काय येत नाही का बाप्पा कधी?" ते म्हणाले, आणि टोपी मुठीवर चढवून मला दाखवली. मुठीएवढीच होती.

त्याच आठवड्यात गुरलीन कौर कार्यालयात आली. काम दिल्लीच्या कंपनीला मिळालं होतं. हिनं लेखी हरकत घेतली होती, तिला एका ओळीचं उत्तर गेलं होतं. मग माहितीच्या अधिकारात तिनं चारही गुणपत्रकं मिळवली. ती तिनं साहेबांच्या टेबलावर पत्त्यांसारखी शेजारी शेजारी मांडली.

"सर, चारों में साढ़े बारह. चारों ने अलग-अलग सोचा, और चारों को आधा नंबर भी सेम सूझा?"

साहेबांनी तिच्यासाठी चहा मागवला.

"सर, तार आपने खींची थी. याद है न?"

"याद है."

"मेरा सिस्टम चला था?"

"चला था."

"फिर?"

साहेब कानावरची पेन्सिल काढून तिच्या टोकाकडे पाहत बसले. चहा आला, त्याच्यावर साय धरली. गुरलीननं कागद गोळा केले. तिचा आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. म्हणाली, "सर, आठ लोग हैं मेरे. मैंने उनसे कहा था, वहाँ एक साहब हैं जो तार खींच के देखते हैं, वहाँ गड़बड़ नहीं होगी." आणि गेली. त्या दिवशी साहेब जेवले नाहीत. डबा तसाच घरी नेला.

तिनं कोर्टात याचिका टाकली. मूल्यांकन रद्द करा, नव्यानं करा. लगोलग आमच्याकडे आतलं पत्र निघालं, की श्री. खानझोडे हे या प्रकरणाची माहिती असलेले अधिकारी असल्यानं प्रकरण निकाली निघेपर्यंत त्यांना कार्यमुक्त करता येणार नाही. म्हणजे बदली झालेली आहे, पण जाता येत नाही. साहेबांनी पत्र दोनदा वाचलं आणि मला विचारलं, "निकाली म्हणजे किती दिवस असते मॅडम?" ते मला तरी कुठून माहीत असणार!

पहिले काही दिवस त्यांनी खोकी उघडलीच नाहीत. दोन शर्ट, एक पातेलं आणि स्टुलावर फोन. मग गरजेपुरती एकेक उघडायला आणि परत बंद करायला लागले. वर्ध्यात नात झाली. बारसं त्यांनी फोनवर पाहिलं. मी आणि मीराही होतो. तिकडे पाळणा म्हणायला सुरुवात झाली आणि इथे साहेब खोक्यावर बसून ताल धरत होते. मग नात पालथी पडायला लागली, रांगायला लागली. तारखांवर तारखा पडत होत्या. धुकं आलं आणि गेलं. सुखना तलावावर सायबेरियाचे पक्षी येऊन परत गेले. "त्यायले कोणी रिलीव्ह करते वाटते," साहेब म्हणाले. ते हसले, म्हणून मीही हसले.

अशाच एका रविवारी त्यांना गाळण्याची आठवण झाली. रुमालाचा चहा मीराला आवडत नसे. "थांब बेटा, यादीत पाहतो," म्हणून त्यांनी खोक्यांची यादी काढली. यादीत गाळणं नव्हतं. पुढं काही लिहिलंय का म्हणून त्यांनी कागद उलटला आणि तसेच उभे राहिले. मग कागद माझ्या हातात दिला. मागच्या बाजूला त्यांच्या तिरक्या अक्षरात, पेन्सिलीनं, मोहाली अठरा, दिल्ली नऊ.

मीरा म्हणाली, "अंकल, छन्नी मिली?"

"नाही सापडत बेटा," साहेब म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात कार्यालयाचं शपथपत्र दाखल करायचं होतं. शपथ घेणार खानझोडे साहेब. वकिलांकडून मसुदा आला तो ऐन वेळी, सकाळी. मी फाईल घेऊन त्यांच्याबरोबर निघाले. गाडीत त्यांनी वाचायला सुरुवात केली. एक ते सहा परिच्छेद होईपर्यंत आम्ही चार चौक ओलांडले. सातव्यावर ते थांबले ते कोर्टाचं आवार येईपर्यंत तिथेच. परिच्छेद सात असा होता, की समितीच्या प्रत्येक सदस्यानं कोणाशीही विचारविनिमय न करता स्वतंत्रपणे गुण दिले.

शपथ देणारे गृहस्थ पत्र्याच्या शेडखाली टेबल टाकून बसले होते. समोर रांग. ते कागद उलटत, शिक्का उचलत, वर न पाहता विचारत, "पढ़ लिया जी? सच है न?" समोरचा म्हणे, "हां जी." ठप्प. पुढचा. आमची पाळी आली.

"पढ़ लिया जी? सच है न?"

"नहीं जी," खानझोडे साहेब म्हणाले.

शिक्का हवेत राहिला. त्या गृहस्थांनी चष्मा वर केला. इतक्या वर्षांत या प्रश्नाला असं उत्तर त्यांना बहुधा कुणी दिलं नसावं. "क्या नहीं जी?"

"सात नंबर. बाकी सब सच है. सात नंबर नहीं है."

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. ते गृहस्थ माझ्याकडे पाहून म्हणाले, "मैडम, इनको समझाओ." मी साहेबांच्या कोपराला हात लावला आणि हळूच म्हटलं, "साहेब, एवढं सही करून टाका. निकाल लागेल, तुम्ही सुटाल." हे मी म्हटलं. विसरता आलं असतं तर बरं झालं असतं.

"मी वाचायलाच नको होतं मॅडम," ते म्हणाले. "पण वाचलं ना आता."

डायरेक्टर साहेबांनी आम्हाला बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता, हेही सांगायला हवं. बायकोचं आजारपण चालू होतं, रोज संध्याकाळी सेक्टर बत्तीसच्या हॉस्पिटलात बसलेला असायचा. थकलेल्या आवाजात म्हणाले, "खानझोडे जी, शीट पे साइन किसका है?"

"मेरा."

"आप कहते हो वो नंबर आपके नहीं. तो झूठा साइन किसने किया?"

"मैंने."

"तो अब मैं क्या करूँ आपका?"

खरं सांगावं तर स्वतःच खोटी सही केल्याची कबुली, न सांगावं तर शपथेवर खोटं. दोन्हीकडून दार बंद होतं, आणि तिसरीकडे वर्ध्याला नात भिंतीला धरून उभी राहायला लागली होती.

त्यांनी घरी जाऊन टिपणी लिहिली. आधी पेन्सिलीनं, मग पेनानं. गुण "लेव्हल" कसे झाले ते सरळ लिहिलं, त्यात आपण सामील होतो हेही लिहिलं, आणि तो पाठकोरा कागद फाईलला जोडून टाकला. "अहो, निदान यादी उतरवून तरी घ्यायची," मी म्हटलं. त्यांनी कपाळावर हात मारला. तेव्हापासून कुठल्या खोक्यात काय आहे, हे सांगणारं जगात काही उरलं नाही.

"आणि ती टिपणी इथेच दाबून ठेवली तर?" मी विचारलं. "गुरलीनला सांगा ना सरळ. तिचा वकील मागून घेईल."

"ऑफिसची फाईल बाहेर नाही न्यायची मॅडम. ते मले जमायचं नाही."

मला त्यांचा राग आला. आपल्याच नियमांच्या पिंजऱ्यात बसलेला माणूस! पण तेवढं तरी माझ्याकडून कुठं झालं? तिचा नंबर माझ्याकडेही होता.

टिपणीवर शेरा आला, की पेन्सिलीनं लिहिलेला, बिनसहीचा कागद हा अभिलेख होत नाही. पाठोपाठ साहेबांनाच ज्ञापन, म्हणजे जाब विचारणारं पत्र, मिळालं. समितीचा कागद घरी का नेला, आणि त्याच्या मागील बाजूस "लोणचे – ११" असा जो उल्लेख आहे, त्याचा खुलासा तीन दिवसांत करावा. साहेबांनी गंभीरपणे खुलासा लिहिला. "सदर लोणचे कैरीचे असून ते अकरा क्रमांकाच्या खोक्यात आहे." मला मसुदा दाखवून विचारलं, "बरोबर आहे ना?" मी हो म्हटलं आणि बाथरूममध्ये जाऊन आधी हसले, मग रडले.

शपथपत्र मात्र अजून दाखल व्हायचं होतं. डायरेक्टर साहेबांनी मला बोलावलं. "आप तो उसी कमरे में थीं. शीटें आपने इकट्ठी कीं. आप कर दो." मग अगदी मायेनं म्हणाले, "आपकी ट्रांसफर वाली फाइल भी पड़ी है मेरे पास. बच्ची पापा के बिना कब तक रहेगी?"

धमकी वगैरे काही नव्हती. मी मसुदा घरी आणला. परिच्छेद सात तीनदा वाचला. मीरा शेजारी बसून वहीत घराचं चित्र काढत होती. त्यात मी होते, ती होती, आणि पप्पा मोबाइलच्या चौकटीत काढला होता. दुसऱ्या दिवशी मी त्याच पत्र्याच्या शेडखाली उभी राहिले. शपथ देणाऱ्या गृहस्थांनी मला ओळखलं. "वो 'नहीं जी' वाले साहब नहीं आए?" त्यांनी विचारलं, आणि मग नेहमीसारखं, "पढ़ लिया जी? सच है न?"

"हां जी," मी म्हटलं. ठप्प.

खानझोडे साहेबांना कळलं नसेल असं मी धरून चालले नाही. कार्यालयात सगळ्यांना सगळं कळतं. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी कानावर पेन्सिल ठेवून आले आणि माझ्या टेबलावर एक संत्रं ठेवून गेले. मला ते सोलवेना.

याचिका फेटाळली गेली. सदस्यांनी स्वतंत्र मूल्यांकन केल्याचं शपथेवर आलंय आणि ते खोटं ठरवणारं काही समोर नाही. गुण पुन्हा मोजत बसणं हे कोर्टाचं काम नव्हे. बाहेर व्हरांड्यात गुरलीन माझ्यासमोर आली. पूर्वीसारखी ओढणी बांधलेली नव्हती. "मैम, आप तो उसी कमरे में थीं न?" एवढंच तिनं विचारलं. मी हो म्हणून मान हलवली. ती पायऱ्या उतरून गेली. आता आठातले किती जण तिच्याकडे राहिले असतील, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

प्रकरण निकाली निघालं. खोकी चौदा होती, टेम्पोही ठरलेला होता. पण आता साहेबांची चौकशी सुरू झाली होती, आणि चौकशी चालू असलेल्या माणसाला सोडता येत नाही. त्यांच्या बदलीची ऑर्डर रद्द झाली. नागपूरची जागा रिकामी होती. मी पुणे मागितलं होतं, मला नागपूर मिळालं. त्यांच्या जागेवर, तात्पुरता कार्यभार म्हणून.

ऑर्डर घेऊन मी त्यांच्यासमोर गेले. त्यांनी ती वाचली. सावकाश, पूर्ण, मागची बाजूसुद्धा. म्हणाले, "नागपूरले उन्हाळ्यात मीराले दुपारचं बाहेर पाठवू नका."

निघायच्या दिवशी ते स्टेशनवर आले. डोक्यावर एक नंबरचं खोकं, मनगटात चिकटपट्टीचं रीळ बांगडीसारखं अडकवलेलं. "तुमच्या वहिनीले द्याल का? वर्धा जवळच आहे." फलाटावर त्यांनी खोकं खाली ठेवलं, एक कोपरा सुटल्यासारखा वाटला म्हणून त्यावर आणखी एक पट्टी मारली, दातांनी तोडली, अंगठ्यानं घासली. "टोपी तर आता बसायची नाही तिले," म्हणाले. "चालाले लागली ना. पण असू द्या."

आम्ही चढलो. ते खिडकीपाशी आले. मीरानं "बाय अंकल" केलं. गाडी सुटायला दोनेक मिनिटं असतील. मला वाटत होतं, काही न बोलता ती संपावीत. पण साहेब खिडकीच्या गजाला हात लावून म्हणाले, "मॅडम, एक विचारू? तो सातवा परिच्छेद. वाचून सही केली ना?"

"हो," मी म्हटलं.

"पूर्ण?"

"तीनदा वाचला."

त्यांनी मान हलवली. पेन्सिलीचा मसुदा वाचून झाल्यावर हलवत तशीच. "मग ठीक आहे. मी पण ती गुणांची शीट वाचूनच सही केली होती."

गाडी हलली. ते दोनचार पावलं बरोबर चालले, मग थांबले. हात वर केला तेव्हा मनगटातलं रीळ कोपरापर्यंत घसरलं. मागे वळून पाहिलं तर ते रीळ नीट करत उभे होते.

मीरा खोक्यावरची अक्षरं बोट ठेवून वाचत होती. "आ-धी उ-घ-ड-णे. मम्मा, ये पहले खोलना है न?"

"नाही गं," मी म्हटलं. "ते आपलं नाही."